मी काही बोलले नाही!

...आणि वर ती शेवंती! पांढरी शेवंती हो, चांगला हातभर गुच्छ! अहो, पहिल्यांदा कुणाच्या घरी जेवायला जाताना माणूस मिठाई नेतो, पेस्ट्रीचा खोका नेतो, सोनेरी दोरा बांधलेला. ही हॉलंडची बया कबरीवर वाहायची फुलं घेऊन दारात उभी! तेही एक वाजता. म्हणजे घड्याळात एकचा ठोका पडतोय आणि हिचं बोट घंटीवर. आता आपल्याकडे नेपल्समध्ये एकचं जेवण म्हणजे कोणी दीडच्या आत येतं का? यजमानीणबाई डोन्ना एर्सिलियाच्या डोक्यात अजून केसांच्या गुंडाळ्या तशाच!

मी काही बोलले नाही. मला काय करायचंय? मी शेजारच्या दारात राहते, मीठ मागायला गेले होते. घरी तीन किलो मीठ आहे, तो भाग वेगळा.

तर तुम्हाला सांगते, डोन्ना एर्सिलियाने ती शेवंती हातात घेतली, एकदा मुलाकडे बघितलं, आणि सरळ नेऊन नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली. डॉन कार्मिने जाऊन सहा वर्षं झाली, त्याला तेवढीच ताजी फुलं. पोरगी खूश! "आवडली ना?" म्हणते. अगं, ज्याला मिळाली त्याला आवडली असतील, तो काही उलट बोलत नाही.

फेम्के नाव तिचं. नाव आहे का शिंक आहे? आणि आनिएल्लो, एर्सिलियाचा एकुलता एक, तिच्यापुढे असा विरघळलेला की उन्हात ठेवलेलं लोणीसुद्धा जरा आब राखून असतं. त्याने आईला आधीच बजावलं होतं, "आई, रविवारी बघ तिला. तू हो म्हणालीस तर वरच्या मजल्यावर संसार मांडतो. नाही म्हणालीस तर मी जातो तिच्या गावाला." आता सांगा! नेपल्स सोडून? तिथे म्हणे सूर्य दिसला की लोक फोटो काढतात! एर्सिलिया आठ दिवस झोपली नव्हती. मला ठाऊक आहे, भिंत पातळ आहे आमची.

जेवण बसलं. मलाही बसवलं, मीठ हातात घेऊन किती वेळ उभी राहणार? सकाळी सहापासून मंद आचेवर रटरटणारा रस्सा, आणि ही पोरगी सुरी घेऊन त्यातल्या लांबलचक शेवया कापते! कापते हो! बाळाला भरवायला कापतात तशी! मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की बाई गं, त्यांनी तुझं काय वाईट केलंय? आनिएल्लो म्हणाला, "डोन्ना नुन्झिया, तुमचं मीठ मिळालं ना?" बघा, कसा उद्धट झालाय! मी खेळवलाय त्याला मांडीवर.

मग मांस, मग वांगी, मग चीज, मग फळं... आणि एर्सिलिया विचारते, "कॉफी ठेवू?" तर ही बया गोड हसून म्हणते, "मला कॅपुचिनो चालेल!"

दुपारचे तीन! पोटात रस्सा, वांगी, चीज, आणि त्यावर ग्लासभर दूध! एर्सिलियाने मुलाला हळूच विचारलं, "आजारी आहे का रे ही?" तो म्हणाला, "नाही गं आई, त्यांच्याकडे चालतं." त्यांच्याकडे! त्यांच्याकडे कॉफी कागदाच्या बादलीत घालून रस्त्याने चालत पितात म्हणे, जसं काही मागे कुत्रं लागलंय. आपल्याकडे कसं, दोन घोट, उभ्या उभ्या, पण मन लावून!

तरी एर्सिलियाने दूध तापवलं. आईची जात. आणि आम्हाला डॉन कार्मिनेच्या किटलीतली कॉफी. ही किटली तुम्हाला सांगायलाच हवी. आठ पैलूंची, दोन मजली, खाली पाणी उकळतं आणि वर कॉफी चढते, मूठ एका बाजूने जळलेली. एकतीस वर्षं डॉन कार्मिनेने रोज सकाळी तिच्यात कॉफी केली, बायकोला बिछान्यात नेऊन दिली. नुसत्या पाण्याने विसळायची आणि पालथी घालायची, बस. आतून काळी कुळकुळीत. तो गेला तरी त्याच्या हातची चव त्या काळ्या थराला चिकटून होती. एर्सिलिया म्हणायची, "सकाळी पहिला घोट घेतला की वाटतं, हे आताच उठून बाथरूममध्ये गेलेत."

जेवणं झाली, मायलेक गच्चीत बोलायला गेले. निकालच तो. मी स्वयंपाकघरात, एक मांसाचा गोळा उरला होता, वाया जाऊ नये म्हणून. आणि ही फेम्के आली बाह्या सरसावून. मदत करायची म्हणे! ताटं धुतली, पेले धुतले... मग उचलली किटली. उघडली. आत बघितलं. "ई!" म्हणाली.

घेतला साबण. लिंबाचा, हिरवा, पातळ. ओतला, असा सढळ हाताने! आणि तारेची घासणी!

मध्येच थांबून तिने माझ्याकडे बघितलं. किटली वर करून हातानेच विचारलं, घासू ना?

आणि मी... खरंच... काही बोलले नाही. गोळा तोंडात होता. बरं, गिळता आला असता. पण मनात म्हटलं, घास बाई, घास, तुझ्याच हाताने तुझं तिकीट काढ. हसलेसुद्धा मी जराशी.

पाचला एर्सिलिया आत आली, चेहरा उजळलेला. निघण्याआधी एकेक घोट सगळ्यांना, म्हणून किटली उचलली. आतून चांदीसारखी लखलखत होती. तिने नाक आत घातलं. लिंबू. स्टुलावर बसली ती, किटली मांडीवर घेऊन, तान्हं मूल घेतात तशी. आनिएल्लोने पोरीला सगळं सांगितलं, तशी ती पांढरीफटक झाली आणि जी रडायला लागली... मी म्हटलं, संपलं! जा बाई तुझ्या ढगांत!

तर एर्सिलिया तिचे डोळे एप्रनच्या टोकाने पुसते! "रडू नकोस गं. तुला कोणी सांगितलंच नव्हतं." आणि मग हळूच मान वळवली. माझ्याकडे.

"नुन्झिया, तू इथेच होतीस ना?"

"मी... गोळा..."

"माझ्या रश्श्यात मीठ किती हे तू जिन्यातून ओरडून सांगतेस. माझ्या मुलाने कोणते मोजे घालावेत हेही तूच सांगतेस. तीस वर्षांत एकदा, फक्त एकदा तुझं तोंड उघडायला हवं होतं!"

मी काय बोलणार?

लग्न ठरलं, तुम्हाला सांगते. पोरगी वरच्या मजल्यावर राहायलाही आली. आणि मला शिक्षा! किटली पुन्हा आतून काळी होईपर्यंत पोरीने तिच्यात रोज कॉफी करायची, आणि करून फेकायची कशी, चांगली कॉफी? ती नुन्झिया पिणार! नाही म्हणायची सोय आहे का? आपल्याकडे दारात आलेल्या कॉफीला नाही म्हटलं तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं. एर्सिलिया स्वतः खालच्या बारमध्ये जाऊन पिऊन येते, आणि चार वाजता सुनेबरोबर खिडक्या लावून दूध घातलेली! मला वास येतो ना, भिंत पातळ आहे.

रोज सकाळी पावणेसातला जिन्यातून हाक, "डोन्ना नुन्झिया, कॉफी!" आज एकविसावा दिवस. पोरीने कप दिला, आशेने बघत विचारलं, "आज कशी झालीय?" मागे एर्सिलिया, हाताची घडी घालून. जिभेवर लिंबू, टाळ्याला साबण...

मी काही बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर फुगे आले असते!