कुकरच्या बुडावरचा नंबर

वकीलबाई : बिल कोरं आहे, मावशी.

सासूबाई : कोरं कसं असेल? चार वर्षं कानातल्यांच्या डबीत जपलंय. उजेडात धरा नीट.

वकीलबाई : धरलं. या बिलांची शाई उडून जाते. जपली तरी उडते.

सासूबाई : मग देतात कशाला असलं? दुकानदाराने हातावर तुरीच दिल्या म्हणा की.

सून : आई, त्यांना बोलून काय होणार? कुकर दाखवा ना.

सासूबाई : दाखवते. ती पिशवी सोड, एका हाताने कशाला झगडतेस. हा बघा, बाई. आत नुसते बटाटे होते. एक शिट्टी झाली नव्हती तोवर झाकण उडालं. ही ओट्याशी उभी. उजवा हात कोपरापर्यंत गेला. दुकानांच्या पाट्या रंगवते ही. म्हणजे रंगवायची. अख्ख्या बाजारात हिचं अक्षर लटकतंय आणि आता हिची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आणखी एक ऑपरेशन केलं तर ब्रश धरता येईल. ते आमच्या ऐपतीतलं नाही. म्हणून तुमची पायरी चढले, नाहीतर मी कुणाच्या दारात जाणारी नव्हे.

वकीलबाई : कळतंय. हे कुकर कंपनीने परत मागवलेत, म्हणजे दोष होता हे तिलाही मान्य आहे. आता भाजलेल्या सगळ्यांचा मिळून एकच दावा चाललाय. नऊ हजार माणसं आहेत त्यात.

सासूबाई : नऊ हजार? एवढी जत्रा कोर्टात मावायची कशी?

वकीलबाई : माणसं जात नाहीत, यादी जाते. आणि यादीत चढायला बिल लागतं, नाहीतर कुकरचा नंबर. एकाच खेपेतले कुकर वाईट निघाले, आणि खेप नंबरावरून कळते. बुडाला ठोकलेला असतो.

सून : आहे ना. पुसताना बोटाला लागायचा माझ्या.

वकीलबाई : इथे तर काहीच नाही. नुसता आरसा आहे.

सासूबाई : असणारच. माझ्या घरातलं भांडं आहे ते.

वकीलबाई : मावशी, आकडा घासला गेलाय. पार सपाट झालाय. कुणी घासलं हे इतकं?

सून : मी. रोज तारेच्या घासणीने घासायचे. माझीच चूक म्हणून लिहा.

सासूबाई : हिचं काही लिहू नका. हे घासलं तेव्हा हिच्या हाताला पट्टी होती.

सून : आई, राहू दे ना.

सासूबाई : का राहू दे? तू दवाखान्यात होतीस. तुझ्या माहेरची माणसं तुला बघायला येणार, आपल्याकडे उतरणार. कुकर काळाठिक्कर पडलेला. म्हटलं, लेक भाजली ती भाजलीच, वर सासूच्या भांड्यांनाही नावं ठेवतील. विटेचा चुरा घेतला, तार घेतली, दोन दिवस घासत बसले. आकडे दिसले होते मला. त्यांच्या खाचेत काजळी अडकत होती, म्हणून तिथेच जास्त घासलं. आणि तुझी आई आत आल्या आल्या म्हणाली, भांडी किती लख्ख आहेत हो तुमची. चार दिवस त्याच तोऱ्यात होते मी.

वकीलबाई : पुरावा नसलेल्यांचा एक वेगळा गट आहे. त्यात हिचं नाव घालते.

सासूबाई : त्यात हिचं ऑपरेशन होईल?

वकीलबाई : नाही. त्या गटाला कूपन मिळतं. नवा कुकर घेताना सूट.

सासूबाई : त्याच कंपनीचा?

वकीलबाई : त्याच.

सासूबाई : म्हणजे जखमेवर मीठ, आणि मीठही आम्हीच विकत घ्यायचं.

वकीलबाई : मी विरोध केला होता. पण कंपनीशी झालेली तडजोड कोर्टाने मंजूर केली. दावा सगळ्यांचा आहे, मावशी. त्यात एकेकीचा हात कोण बघणार?

सासूबाई : भाजताना तो हिचा एकटीचाच भाजला. मी शपथ घेते, बाई. तुमच्या कोर्टात उभी राहते आणि मीच घासला म्हणून सांगते. माझी सगळी भांडी नेऊन दाखवते. एकावर डाग निघाला तर बोला.

वकीलबाई : शपथ चालली असती तर नव्वद हजार जण आले असते.

सासूबाई : मग आम्ही करायचं काय? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा.

वकीलबाई : नाव तेवढं देऊन ठेवा. आज शेवटची तारीख आहे. पुढेमागे काही बदललंच, तर नाव तरी असेल.

सासूबाई : बदलतं का कधी?

वकीलबाई : माझ्या पाहण्यात तरी नाही.

सून : कुठे करायची सही?

वकीलबाई : इथे, खाली. जमत नसेल तर अंगठा चालेल.

सासूबाई : अंगठा माझ्यासारखीने लावायचा, बाई. हिने नाही.

सून : डाव्या हाताने करते.

सासूबाई : कर. कागद सरकेल, थांब, मी धरते.

(सून डाव्या हाताने एकेक अक्षर काढते.)

सून : आई, अक्षर वेडंवाकडं येतंय.

सासूबाई : येऊ दे गं, कागद मी धरलाय. तू लिही.