जेट्टीचा मुहूर्त

स्वारगेटला कोकणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक साहेब आणि त्यांच्या ऑफिसातली तरुण इंजिनीअर उभी होती.

"सर, उद्घाटनाच्या पत्रिकेत जेट्टीची सगळी कामं छापलीत, गाळ काढायचं काम कुठेच नाही. सर्व्हेत मी ते पहिलं लिहिलं होतं."

"ते काम मी यादीतूनच वगळलं, नम्रता. अनुदान ठरावीक असतं. त्यात दिवे, कमान आणि प्रवासी कक्ष बसवला."

"ओहोटीला होडी जेट्टीपर्यंत पोचत नाही. बायका गुडघाभर चिखलातून काठावर येतात. त्यांनी कमानीचं काय करायचं?"

"गाळ पाण्याखाली असतो. तो काढला तर कोनशिला कुठे बसवणार? वर फोटो पाठवावे लागतात."

"मग पाण्याखालचा फोटो काढायचा होता."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. पैसा त्यांचाच आहे."

"उद्या उद्घाटनाला असं तोंड करून उभी राहू नकोस, एवढं कर. पाहुणे लाँचने येणार आहेत."

"लाँच रुतेल, सर."

"नाही रुतणार. गुरुजींनी अकराचा मुहूर्त दिला होता, आम्ही तो अडीचवर नेला."

"का?"

"तेव्हा भरती असते."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं."

"मग काय पाहुण्यांना चिखलात उतरवू?"

"नका उतरवू. गावातली एखादी बाई बाळंतपणाला निघाली आणि ओहोटी असली, तर तिला तुमच्या प्रवासी कक्षात बसवा. दिवेही आहेतच. भरती येईपर्यंत बसेल."