रबराचं टक्कल

हळू, झुलालआबा, हळू! ओरडू नका — कातडी नाही ती, रबर आहे. टकलाचा टोप. नाटकात म्हाताऱ्याला घालतात ना, तोच. तुम्ही न्हावी, तुमच्या हाताला कळणारच — ओढा, कडेचा डिंक सुटतोय. घरी सगळ्यांना सांगितलं, वडील गेल्याची बातमी कळली तसं मुंबईतच मुंडण केलं. धाकट्या सुकदेवला खरं वाटलं. आईलासुद्धा. ऊन लागतं म्हणून वर टॉवेल घेतला — कोण बघतं? आणि आता बघा, नानांचा पिंड ठेवून केव्हाचे बसलेत सगळे गिरणेच्या काठी, आणि एक कावळा बाभळीवरून खाली उतरेल तर शपथ.

का केलं म्हणता? मालिका आहे, आबा. दूरदर्शनची! उभी हयात नाटकात गेली — जळगाव, धुळे, स्पर्धा म्हटली की म्हातारा मीच. सिनेमात गेलो तर काय झालो? प्रेत. दोनदा! तरी नाना भडगावच्या सिनेमाच्या तंबूत उठून उभे राहिले — हा माझा मगन! लोक हसले. घरी येऊन म्हणाले, एकदा टीव्हीवर बोलताना दिस रे बाबा. आता कुठे बोलायचं काम मिळालं, वकिलाचं, अर्धं शूटिंग झालं — तर नानाच गेले. दिग्दर्शक म्हणाला, केस गेले तर काम गेलं, दुसरा घेतो. म्हटलं, केसांचा टोप लावतो — तर म्हणे, टोप स्टेजवर चालतो, कॅमेऱ्याला कळतो. कॅमेऱ्याला कळतो! आणि इथे कावळ्याला कळला.

सुकदेवने शब्द दिला — शेत सांभाळतो, आईला सांभाळतो. तरी नाही शिवला. नाना रागावलेत, दुसरं काय? लबाड पोराच्या हातचं कोण खाईल? रबराखालून घाम गळत होता, तो पुसला तर लोकांना वाटलं मी रडतोय. लाज वाटली हो, फार लाज वाटली. म्हणून उठून आलो — लावा पाणी. पुन्हा विचारू नका. मालिका गेली तर गेली. फिरवा वस्तरा... हां. फिरवा.

हा गलका कसला? आई पुढे गेली वाटतं. काय म्हणतेय? — "मना मगन टीव्हीमा दिसी, आते जेवा" — मी टीव्हीत दिसेन म्हणतेय! आणि? शिवला?

शिवला.

थांबलात का, आबा? अर्धं डोकं झालंय, असं घेऊन कुठे जाऊ? उरका — आणि आईला यातलं काही बोलू नका.