तरण्या डोळ्यांचा चष्मा

हसू नका रं, पण परवापासनं मला कुणाचं डोळं तपासायचाच वीट आलाय. वडगावचे एक अण्णा गेल्या महिन्यात माझ्या कॅम्पातल्या चष्म्याच्या दुकानात आलते. घरी साड्यांचे माग. संगं अठरा-एकोणीसची लेक. मागावरच्या तुटलेल्या सुताच्या तारा जोडून जोडून तिचं डोकं दुखायचं.

मी बारीक अक्षरांचा कागद तिच्या डोळ्यांकडं सरकवत म्हटलं, "धुरकट झालं की सांग." हातभर लांब असतानाच ती म्हणाली, "झालं." परत बघितलं, तेच. या वयात कागद नाकाजवळ आला तरी दिसायला पाहिजे. हिची जवळची नजर पन्नाशीच्या माणसागत. लगेच चष्मा करून दिला.

परवा अण्णाच तो चष्मा घालून दारात उभे!

"सर, लई झकास दिसतंय. मला बरोबर बसला बघा."

"अहो, तो पोरीचा हाय!"

"व्हय की. पण पन्नाशी माझी झालीया."

"मग आता तारा तुम्ही जोडताय?"

"छ्या! मी पेपर वाचतो. तारा तीच जोडती. तिचं डोळं तरणं हायत."