उस्तादची फटफटी

महबूब उस्ताद नसते तर मी अजून बोरीच्या माळावर मेंढरं वळत असतो, हे पहिलं लिहून घ्या. बाप मेंढरंवाला, आई निरक्षर, मी निजामाच्या शाळेत चार बुकं उर्दू शिकलो अन् शाळा मराठी झाली तवा माझी सुटली, म्हणजे ना तिकडचा ना इकडचा. पोलीस अ‍ॅक्शननंतर परभणीला आलो, टेसनाजवळ उस्तादचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं जाऊन उभा राहिलो. उस्ताद वास घेत म्हणले, मेंढ्यों की बास आरी रे, चल, तेल में मिट जाती.

तर काय सांगू तुमाला, त्या दुकानाचा एक कायदा होता. गाडीतून काढलेला भाग मालकाचा. झिजलेला असो, फुटलेला असो, फडक्यात बांधून त्याच्या हातात द्यायचा, मगच गाडी द्यायची. एकदा मी एक गंजका नट फेकला तर उस्तादनी मला गटारात उतरवलं अन् सापडंपर्यंत वर येऊ दिलं न्हाई. मालक हसायलाय, त्याला नट नकोच हाय, पण न्हाई.

उस्तादची स्वतःची एक विलायती फटफटी कोपऱ्यात पडलेली होती, काळी, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. पुढं त्यांची नजर गेली तसे ते हैद्राबादला लेकीकडं गेले. जाताना म्हणले, दुकान तू बघ, अन् ती पडलीय, जमलं तर उभी कर.

मी उभी केली. चार वर्षं लागली. टाकी लष्कराच्या भंगारातली, चाकं जिंतूरच्या एका वकिलाच्या मोडक्या गाडीची, दिवा टांग्याचा, शीट चांभारानं जुन्या खोगिराच्या चामड्याची शिवली. आतलं पिस्टनसुद्धा दुसऱ्याच गाडीचं, घासून बसवलं. काचकागदानं काळा रंग उतरवला अन् दाराखिडक्यांचा निळा रंग राहिला होता तो दिला, तीन हात दिले, तरी ब्रशाच्या रेघा दिसतातच. अन् काढलेला एकेक भाग गोणीत ठेवत गेलो, कायदाच होता तसा. त्या फटफटीवर मी जिंतूरपर्यंत जाऊ लागलो, पिठाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करू लागलो. आधी पायी जायचो, एका गिरणीला दिवस जायचा.

औंदा उस्तादचं पत्र आलं, लेकीकडून लिहून घेतलेलं. भाच्याला नोकरी लागलीय, माझी गाडी पाठव.

आता माझी गाडी म्हणजे कोणती, सांगा. मी गोणी उलटी केली, फरशीवर सगळं मांडलं, तर सांगाडा अन् इंजिनाचा डबा सोडून अख्खी फटफटी तिथं पडलेली. गया, माझी बायको, म्हणली, तुमचाच कायदा हाय न्हवं, निघालेला माल मालकाचा, मग गोणी बांधा अन् पाठवा. मला पटलं. शेजारचे गुरुजी म्हणले, कागदावर नाव त्यांचं, गाडी त्यांची. तेबी पटलं. टांगेवाला रहीम म्हणला, पुढचं चाक त्यांना दे, मागचं तू ठेव, अन् हसत बसला. गया म्हणली, द्या देऊन, अन् उद्यापासून गिरणीवाल्याला सांगा, तुमच्यासाठी बैलगाडी धाडायला. दोन दिवस माझ्या डोक्यात जेवताना बी तेच, झोपताना बी तेच. चोर होतोय का येडा होतोय, काही कळंना.

तिसऱ्या दिवशी बोरीच्या गिरणीला जायचं म्हणून प्लग काढून साफ केला. त्याची फट मी अंगठ्याच्या नखानं मोजतो, नख अडकून जाईल इतकी. हे उस्तादनी माझं बोट धरून शिकवलेलं. मी नखाकडं बघत बसलो, बोरीला गेलोच न्हाई. दुपारी फटफटी टेसनावर नेऊन मालगाडीत बुक केली. बरोबर केलं का, अजून समजत न्हाई. आता परत पायी जायलोय. तुटक्या उर्दूत चिठ्ठी लिहिली, ती मराठीत सांगतो.

उस्ताद, सलाम. गाडी पाठवली, रेल्वेची पावती सोबत हाय. ती आता निळी हाय. टाकी, चाकं, पिस्टन तुमचं न्हाई, जुनं सगळं माझ्याकडं गोणीत हाय, म्हणाल तवा पाठवतो. भाच्याला सांगा, थंडीत दोन किका रिकाम्या मारायच्या, मग पेट्रोल सोडायचं. तुमाला दिसत न्हाई तर हात फिरवून बघा, रंगाच्या रेघा लागतील, त्याला माझा इलाज न्हाई. एकदा चालू करून कान देऊन ऐका. आवाज बरा वाटला तर ठेवून घ्या. खोट वाटली तर परत पाठवा, मी दुरुस्त करतो. तुमचा माणिक.