नाताळची डिस्क

ऐरोलीच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक कोळीण मावशी होती; दुकानदार तिची डिस्क उलटसुलट करून बघत होता.

“मावशी, ही इंग्लंडची डिस्क. आपल्याकडच्या प्लेअरवर लागत नाही.”

“म्हनूनच आनली. आमच्याकडं कदी लागलीच नाय.”

“कॉमेडी शो दिसतोय.”

“तिकडं नाताळला सगले हेच देतात. माझ्या दीपेशनं पाठवलेली.”

“इंग्रजी जोक कळतात तुम्हाला?”

“नाय रे. त्या शोला तो सोता बसलेला. पब्लिकमदी त्याचं हसनं ऐकू येतं, बोललेला.”

“मग त्यालाच सांगा ना, मोबाईलवर पाठवेल.”

“गेला तो. मार्चमदी, तिकडंच.”

“...ठेवून जा, मावशी. बघतो मी.”

“फोनवर सारखा इचारायचा, आये, माझं हसनं वलखलंस का?”

“तुम्ही काय सांगायच्या?”

“लगेच वलखलं, बोलायची.”