मोहाच्या झाडावरची मनाई

खटला हरला म्हणून शिव्या खाणारे वकील तुम्ही पाहिले असतील. मी खटला मिटला म्हणून खाल्ल्या!

पोंभुर्ण्याकडचे दोन सख्खे भाऊ, बांधावरच्या मोहाच्या झाडासाठी चांद्याच्या कोर्टात भांडत होते. मी थोरल्याचा वकील. निकाल लागेपर्यंत दोघांनीही मोहफूल वेचायचं नाही, असा मनाईहुकूम मीच मोठ्या ऐटीत मिळवला. ऐन फुलांच्या दिवसांत न्यायाधीश झाड बघायला आले, तर झाडाखाली अख्खं गाव टोपल्या घेऊन वेचतंय!

"कोर्टाचा हुकूम मोडता?" साहेब कडाडले.

"मनाई या दोघाईले हाये, साहेब," एक म्हातारी मान वर न करता म्हणाली. "आमाले कुठी हाये? तारीख वाढवून द्या, अजून फूल पडून राह्यले."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला म्हणाला, "लहान्या, अर्धं तुले, अर्धं मले." धाकट्यानं मान डोलावली. खटला खलास!

मी छाती फुगवून निघालो, तर म्हातारीनं टोपली कमरेवर घेऊन वाट अडवली.

"कायचा वकील रे तू? दोन भावाईचं भांडण टिकवता नाई आलं तुले!"